फीडर्ले बंधूंपासून सुरुवात कर

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा आराखडा, दोन्ही सावकाश वाचले. स्वयंचलित पिस्तुलं पहिल्यांदा घडवणाऱ्या माणसांवर मराठीत नीट काम व्हावं असं मला कैक वर्षं वाटत आलं आहे, त्यामुळे हा विषय तू हाती घेतलास याचा मनापासून आनंद झाला. आराखड्यात बोर्खार्ट, लूगर, ब्राउनिंग, माउझर आणि बेर्गमान अशी पाच प्रकरणं पाडली आहेस. शेवटच्या दोन नावांवर सध्या काट मार. पॉल माउझर हा रायफलींचा थोर रचनाकार, यात शंकाच नाही. पण ‘माउझर पिस्तूल’ म्हणून जे जगभर गाजलं ते त्याच्या हातचं नव्हे. थिओडोर बेर्गमान हा तर गागेनाउचा कारखानदार. लोखंडी सामानापासून मोटारगाड्यांपर्यंत काय वाटेल ते बनवायचा. त्याच्या नावाच्या पिस्तुलांमागे डोकं होतं लुई श्मायसरचं.

माउझर पिस्तूल, म्हणजे सी-९६, घडवलं ते ओबर्नडॉर्फ या जर्मन गावातल्या माउझरच्याच कारखान्यातल्या तीन भावांनी: फिडेल, फ्रीडरिश आणि योसेफ फीडर्ले. फिडेल तिथल्या प्रायोगिक विभागाचा प्रमुख होता. पहिल्या नमुन्यावर १५ मार्च १८९५ ही तारीख आहे, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात जर्मन पेटंटाचा अर्ज गेला तो पॉल माउझरच्या नावाने. तीन वर्षांनी सुदानमधल्या ओम्दुर्मानच्या लढाईत तरुण चर्चिल हेच पिस्तूल हाती घेऊन घोड्यावर होता. चर्चिलचा त्या दिवसाचा तासातासाचा हिशेब आपल्याला वाचायला मिळतो. फीडर्ले बंधूंबद्दल मिळतात त्या जेमतेम दोन-चार ओळी, त्याही बहुतेकांनी एकमेकांच्या पुस्तकांतून उचललेल्या. तुझं पुस्तक जर माणसांवर असेल, तर काम इथे आहे.

पेटंटावर मालकाचं नाव का, हे आधी समजून घे, कारण हा धागा पुस्तकभर पुरणार आहे. १८७७ च्या जर्मन कायद्यात जो पहिला अर्ज करील त्याला पेटंट मिळायचं. शोध कोणी लावला हे विचारायची पद्धतच नव्हती. शोधकाचं नाव नोंदवण्याचा हक्क तिथे थेट १९३६ च्या कायद्याने आला. म्हणजे त्या काळचं जर्मन पेटंट हा मालकीचा पुरावा असतो, कर्तृत्वाचा नव्हे. अमेरिकेत नियम उलटा होता. अर्ज शोधकानेच करायचा आणि हा शोध माझाच आहे अशी शपथ घ्यायची. म्हणून एकाच पिस्तुलाची जर्मन आणि अमेरिकन अशी दोन्ही पेटंटं शेजारी ठेवून वाचायची सवय लाव. अनेकदा अमेरिकन कागदावर खरं नाव सापडतं. पण तेवढ्यावर विसंबू नकोस. सी-९६ च्या अमेरिकन पेटंटातही शोधक म्हणून पॉल माउझरच आहे. शपथेच्या कागदालासुद्धा दुसरा आधार लागतो, तो यासाठी.

पेटंट वाचताना तुझ्यासारखी यंत्रं कळणारी मुलगी लगेच आकृत्यांकडे वळणार. आधी मजकुराचं डोकं आणि शेपूट वाच. अमेरिकन पेटंटाच्या सुरुवातीला ठरावीक वाक्य असतं: मी अमुक, अमुक देशाचा नागरिक, अमुक गावी, अमुक परगण्यात राहणारा. ब्राउनिंगच्या पेटंटांत तिथे ऑग्डेन, वेबर परगणा, युटा असं दिसेल. वर अर्जाची तारीख आणि पेटंट मिळाल्याची तारीख वेगवेगळी छापलेली असते. कोण आधी, कोण नंतर हा वाद बहुतेक वेळा या दोन तारखांच्या घोळातून उभा राहतो, तेव्हा टिपणात दोन्ही लिहीत जा. हक्क दुसऱ्याला दिले असतील तर तेही डोक्यावरच असतं. शेवटी दोन साक्षीदारांच्या सह्या असतात. कोणी ढुंकून पाहत नाही त्यांच्याकडे, पण एकेका माणसाच्या सगळ्या पेटंटांवरचे साक्षीदार एका तक्त्यात उतरवलेस, तर त्या त्या वर्षी तो कोणत्या शहरात, कोणत्या वकिलाकडे, कोणाच्या संगतीत होता याचा अंदाज येऊ लागतो. २० एप्रिल १८९७ या एकाच दिवशी ब्राउनिंगला पिस्तुलांची चार पेटंटं मिळाली. सरावाला तीच घे. पानं स्वच्छ छापलेली आहेत, भाषा इंग्रजी आहे, आणि पुढच्या शतकातली निम्मी पिस्तुलं त्यांच्या पोटात आहेत.

आता ह्यूगो बोर्खार्ट. हा माणूस मला या सगळ्यांत सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, आणि त्याच्यावर लिहिणं सर्वांत अवघड आहे. जन्म १८४४, माग्डेबुर्ग. पोरवयात अमेरिका गाठली, तिथलं नागरिकत्व घेतलं. शिलाई यंत्रांच्या आणि बंदुकांच्या कारखान्यांतून नोकऱ्या केल्या. १८७६ च्या सुमारास शार्प्स रायफल कंपनीत अधीक्षक झाला, आणि १८७८ ची शार्प्स-बोर्खार्ट रायफल त्याची. कंपनी बुडाली. मग हंगेरी, पुन्हा अमेरिका, आणि शेवटी बर्लिनला लुडविग लोवे यांच्या कारखान्यात. तिथे १८९३ मध्ये त्याने ते पिस्तूल काढलं ज्याला बाजारात चाललेलं पहिलं स्वयंचलित पिस्तूल म्हणतात. ‘बाजारात चाललेलं’ हे शब्द गाळू नकोस. ऑस्ट्रियात लाउमान या रचनाकाराची पेटंटं त्याच्या आधीची आहेत.

बोर्खार्टची करामत समजायला थोडं मागे जावं लागेल. बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूची राख इतकी साचायची की बारीक हालचाल करणारं यंत्र दहा-वीस बारांत अडकायचं. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये व्हिएय याने बिनधुराची दारू काढली आणि गोळीच्याच धक्क्यावर पुढचं काडतूस भरून घेणारं हत्यार हातात मावेल इतकं लहान करणं शक्य झालं. हायरम मॅक्झिमने मशीनगनसाठी गुडघ्यासारखा दुमडणारा सांधा आधीच बसवला होता. बोर्खार्टने तो पिस्तुलात आणला आणि काडतुसांची पेटी मुठीच्या आत घातली. मुठीतली ती पेटी आजही जवळपास प्रत्येक पिस्तुलात आहे. यंत्राबद्दल एवढं पुरे. कारण संग्राहकांनी यंत्रावर भरपूर आणि फार उत्तम लिहून ठेवलं आहे. कोणत्या अनुक्रमांकाला कोणता स्क्रू होता हेदेखील तुला सापडेल. त्याच ग्रंथांत माणसाचं चरित्र मात्र दीड पानात उरकलेलं असतं, आणि त्या दीड पानावर कोणी सहसा बोट ठेवून विचारत नाही की हे कुठून आणलं?

तू विचार. उदाहरणार्थ, बोर्खार्ट १८८२ च्या आसपास बुडापेस्टच्या ‘फेज्वेर एश गेपज्यार’ या शस्त्रांच्या कारखान्याचा संचालक झाला असं कुठे कुठे छापलेलं भेटेल. ती कंपनी स्थापन झाली १८९१ साली. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. मग तो हंगेरीत नक्की कोणाकडे होता? सरकारकडे, आधीच्या एखाद्या कंपनीकडे, की सालच चुकीचं आहे? एका साध्या तारखेने दीड पानातली एक ओळ डळमळीत होते, आणि तुला एक खरा प्रश्न मिळतो. प्रत्येक चरित्रासाठी असा ताळा कर: माणूस, पद, कंपनी आणि शहर, चारही एका वेळी अस्तित्वात होते का?

त्याच्या अमेरिकेतल्या वर्षांसाठी बंदुकांची पुस्तकं बाजूला ठेवावी लागतील. हॅम्बुर्ग बंदरातून गेलेल्या प्रवाशांच्या याद्या १८५० पासून शाबूत आहेत; ब्रेमेनच्या बहुतेक नष्ट झाल्या. माग्डेबुर्ग एल्बे नदीवर आहे आणि एल्बे हॅम्बुर्गला जाते, तेव्हा शोध तिथून सुरू करणं शहाणपणाचं. न्यूयॉर्कला उतरला असेल तर नोंद कॅसल गार्डन या स्थलांतरितांच्या ठाण्याची, कारण एलिस बेटावरचं ठाणं १८९२ मध्ये उघडलं. पुढे दर दहा वर्षांची जनगणना. त्यातली १८९० ची जवळजवळ संपूर्ण १९२१ च्या आगीत गेली, तेव्हा तिच्यामागे वेळ घालवू नकोस. शार्प्स कंपनी १८७६ मध्ये हार्टफोर्डहून ब्रिजपोर्टला हलली. दोन्ही शहरांच्या वार्षिक निर्देशिका छापल्या जात. नाव, धंदा, घराचा पत्ता, एवढीच ओळ. पण सलग वर्षं लावून पाहिलीस तर खोलीत भाड्याने राहणारा कामगार स्वतंत्र घरातला अधीक्षक कधी झाला हे दिसतं. बर्लिनच्या पत्ताकोशांचंही तेच. तिथल्या मध्यवर्ती ग्रंथालयाने ते सगळे स्कॅन करून ठेवले आहेत, घरबसल्या पाहता येतात. मात्र शार्लोटेनबुर्ग १९२० पर्यंत वेगळं शहर होतं हे लक्षात ठेव. लूगर शार्लोटेनबुर्गचा म्हणून सही करतो. त्याला नुसत्या ‘बर्लिन’मध्ये शोधून उपयोग नाही.

लूगरचा जन्म २ मार्च १८४९, टिरोलमधलं श्टायनाख आम ब्रेनर. वडील शल्यचिकित्सक, पुढे कुटुंब इटलीत पादुआला. ऑस्ट्रियन माणूस पादुआत कसा, असा प्रश्न पडेल; तो भाग १८६६ पर्यंत ऑस्ट्रियाच्याच राज्यात होता. टिरोलच्या चर्चमधल्या जन्ममृत्यूच्या वह्या तिथल्या अभिलेखागाराने ऑनलाइन ठेवल्या आहेत. बाप्तिस्म्याच्या वहीचं पान उघडलंस की आडवे रकाने दिसतील: तारीख, घर क्रमांक, बाळाचं नाव, धर्म, मुलगा की मुलगी, विवाहसंबंधातलं की नाही, आईबाप, आणि धर्मपिता-धर्ममाता त्यांच्या व्यवसायासह. हा शेवटचा रकाना सोडू नकोस. डॉक्टरच्या मुलाला मांडीवर घ्यायला गावातला कोण उभा राहिला, यावरून घराची पत कळते. घर क्रमांकावरून तेच घर पुढच्या पानांवर शोधलं तर भावंडं सापडतात.

हे वाचायचं तर कुरेंट ही जुनी जर्मन हस्तलिपी शिकावी लागेल, त्याला इलाज नाही. तुला मोडी येते म्हणून मी निर्धास्त आहे. मोडी वाचणाऱ्याला अक्षरावर डोळे न ताणता शब्दाच्या वळणावरून आणि संदर्भावरून वाचायची सवय असते, तीच इथे लागते. कुरेंटमधला ‘ए’ आपल्या डोळ्याला ‘एन’ वाटतो, ‘एन’ आणि ‘यू’ हुबेहूब सारखे, फरक फक्त ‘यू’वर काढलेल्या छोट्या चंद्रकोरीचा. आधी महिन्यांची नावं आणि बाप्तिस्म्याची ठरावीक वाक्यं पाठ कर. महिनाभरात हात बसेल.

लूगरने बोर्खार्टच्या पिस्तुलाचा मागे लोंबणारा अवजड भाग काढून स्प्रिंग मुठीत नेली. १९०० मध्ये स्विस सैन्याने ते पिस्तूल घेतलं, १९०४ मध्ये जर्मन आरमाराने, १९०८ मध्ये जर्मन लष्कराने. बोर्खार्ट हटवादी होता, स्वतःच्या यंत्रात तसूभर बदल करायला तयार नव्हता, म्हणून काम लूगरकडे गेलं, ही कथा तुला प्रत्येक पुस्तकात मिळेल. ती तशीच उतरवू नकोस. दोघं एकाच कंपनीत पगारी होते आणि कोणाला कोणतं काम द्यायचं हे ठरवणारा वरती मालक होता. हट्टाची गोष्ट सांगायला सोपी पडते म्हणून ती टिकली असेल; तिचा पहिला लेखी उल्लेख कुठला, कोणत्या सालचा, कोणाचा, हे शोधल्याशिवाय पुस्तकात घ्यायची असेल तर ‘असं सांगतात’ एवढंच लिही. माझं मत विचारशील तर एका म्हाताऱ्या कारागिरावर मेल्यानंतर ठेवलेला हा आळ आहे, आणि तो पुसता आला तर तू पुसावास. लूगर १९२३ च्या डिसेंबरात बर्लिनजवळ गेला, बोर्खार्ट १९२४ च्या मे महिन्यात बर्लिनलाच. पाच महिन्यांचं अंतर. जर्मनीत मार्कच्या नोटेला किंमत उरली नव्हती तो काळ. या दोघांचं उतारवय कसं गेलं हे पेन्शनच्या, कोर्टाच्या आणि मृत्यूच्या कागदांत मिळेल.

ब्राउनिंगबद्दल तुला उलट अडचण येईल, सामग्री उदंड. युटातल्या मॉर्मन पंथाच्या बंदूककाराचा मुलगा, जन्म १८५५. वडिलांना तीन बायका आणि बावीस मुलं. १८८७ ते १८८९ धर्मप्रचारासाठी जॉर्जियात. पुढे बेल्जियममधल्या हेर्स्टालच्या एफएन या शस्त्रांच्या कारखान्याशी नातं जुळलं आणि १९२६ च्या नोव्हेंबरात तिथेच, मुलाच्या कार्यालयात, हृदय बंद पडून गेला. मॉर्मन समाज वंशावळी जिवापाड जपतो, त्यामुळे घराची माहिती भरपूर आहे. नेमकी तीच जपून वाच. गोळीच्या झोताने गवत वाकलेलं पाहून त्याला वायूवर चालणाऱ्या बंदुकीची कल्पना सुचली, ही आठवण घरातून आलेली आहे. खोटी असेल असं मी म्हणत नाही, पण घरच्या आठवणीला घरची आठवण म्हणूनच मांडायचं. जिथे सरकारी कागद आहे तिथे तो आधी. अमेरिकन लष्कराच्या १९११ च्या चाचणीत त्याच्या पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडल्या गेल्या, हे चाचणी मंडळाच्या अहवालातून घे, जाहिरातीतून नको. आणखी एक. ‘ब्राउनिंग हाय-पॉवर’ १९३५ मध्ये बाहेर आलं, म्हणजे तो गेल्यानंतर नऊ वर्षांनी. ते पुरं केलं द्यूदोने सेव्ह याने. आपल्या सैन्यासाठी इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल याच घराण्यातलं. सेव्हला एक वेगळं प्रकरण दे, छोटं असलं तरी.

मराठी वाचकाला यात काय, असं तू भीत भीत लिहिलं आहेस. भिण्याचं कारण नाही. ‘ब्राउनिंग’ हा शब्द आपल्याकडे २१ डिसेंबर १९०९ पासून घरोघरी गेला. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पेटीच्या चोरकप्प्यातून पाठवलेल्या २० ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एक त्यामागे होतं. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. कलकत्त्यात २६ ऑगस्ट १९१४ ला रोडा या शस्त्रविक्रेत्या कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुलं पळवली, ती फीडर्ले बंधूंची. चंद्रशेखर आझादांचं कोल्ट अलाहाबादच्या संग्रहालयात आहे, तेही ब्राउनिंगच्या रचनेचं. हे सगळं एका प्रकरणात येऊ दे, पण परिशिष्टासारखं चिकटवू नकोस, आणि खटल्याचे कागद मुंबईच्या अभिलेखागारात स्वतः पाहिल्याशिवाय कोणतं मॉडेल होतं ते ठामपणे लिहू नकोस. सारायेव्होत १९१४ मध्ये ऑस्ट्रियाच्या युवराजावर प्रिन्सिपने वापरलेलं पिस्तूल १९०० चं ब्राउनिंग होतं असं कित्येक वर्षं छापलं गेलं. २००४ मध्ये ऑस्ट्रियातल्या जेझुइट पाद्र्यांकडे मूळ पिस्तुलं निघाली, तेव्हा ते १९१० चं मॉडेल ठरलं. इतक्या गाजलेल्या खुनाची ही गत.

माणसं मारणारी वस्तू घडवणाऱ्यांविषयी आपुलकीने लिहायचं का, हा तुझा प्रश्न मला आवडला. आपुलकीने लिही. पण कारखान्याच्या फाटकाशी थांबू नकोस. ज्या प्रकरणात रचनाकाराचा जन्म, शिक्षण, पगार आणि पेटंट आहे, त्याच प्रकरणात ते हत्यार कोणावर चाललं हेही असू दे, आणि जॅक्सनलाही बायको होती हे लिहायला संकोचू नकोस. दोन्ही बाजूंची नावं तारखांसह आली की वाचकाला वेगळं काही सांगावं लागत नाही.

आता या दोन महिन्यांत काय करायचं ते. ओबर्नडॉर्फचा कारखाना १९४५ मध्ये फ्रेंच सैन्याच्या ताब्यात गेला आणि तिथले बरेच कागद नष्ट झाले, त्यामुळे कारखान्याच्या दप्तराची आशा धरू नकोस. गाव मात्र जागेवर आहे. व्युर्टेमबेर्ग राज्यात १८०८ पासून चर्चमध्ये कुटुंबवह्या ठेवत. एका कुटुंबाला एक पान: वर नवरा-बायको आणि त्यांचे आईबाप, खाली सगळी मुलं ओळीने, जन्म, लग्न आणि मृत्यूसह. फीडर्ले त्याच मुलखात जन्मले असतील, तर तिघं भाऊ एकाच पानावर एकाखाली एक मिळायला हवेत. त्या पानासाठी आधी गावच्या दप्तरखान्याला आणि संग्रहालयाला जर्मनमध्ये सभ्य, छोटं पत्र लिही. एका पत्रात एकच प्रश्न. ‘श्वार्त्सवेल्डर बोटे’ हे वर्तमानपत्र ओबर्नडॉर्फमधूनच निघायचं. कारखान्यातल्या जुन्या माणसाच्या नोकरीची पंचवीस-पन्नास वर्षं भरली किंवा तो वारला, तर अशा स्थानिक पत्रात चार ओळी येण्याची शक्यता मोठी. मृत्यूची तारीख कुटुंबवहीतून मिळाली की पुढच्या आठवड्याचे अंक मागव.

पत्राचा जर्मन मसुदा मला आधी दाखव. तिथल्या लोकांना मायना चुकलेला चालत नाही. आणि लुई श्मायसरची फाइल वेगळी उघडून ठेव, त्याच्याकडे पावसाळ्यानंतर वळू.

तुझा,
काका